रथाच्या चाकापाशी हललेलं चित्र

दिवाळी सरते आणि कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातून श्रीरामाचा रथ निघतो. रथ ओढणाऱ्या गर्दीत सगळ्यांत जोखमीचं काम मोगरीवाल्यांचं. चालत्या चाकाखाली नेमक्या क्षणी लाकडी मोगरी सारायची. रथ थांबतो तो तिच्यामुळे आणि वळतोही तिच्यामुळेच.

हाच क्षण घरच्या टीव्हीवर पाहताना कधी मोगरीवाल्याच्या एका हाताचे दोन होतात, कधी चाकाच्या कडेला कंगव्यासारखे दात येतात. बोल कॅमेऱ्याला लागतो, नाहीतर जुन्या टीव्हीला. बिघाड मात्र बहुतेकदा मधल्या टप्प्यावर झालेला असतो, एचडी चित्रण कमी ओळींच्या एसडीत उतरवताना.

आपल्याकडचं एचडी प्रक्षेपण बहुतांशी १०८०आय पद्धतीचं. त्यात सेकंदाला २५ पूर्ण चित्रं असतात असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात ५० अर्धी चित्रं असतात. या अर्ध्या चित्राला ‘फील्ड’ म्हणतात. एका फील्डमध्ये १, ३, ५ अशा विषम ओळी, पुढच्यात सम, प्रत्येकी ५४०. दोन्हींमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं आणि तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो. एसडीतही ५० फील्डच, फक्त ओळी २८८. दोन फील्ड मिळून ५७६.

गडबड होते ती इथे. दोन्ही फील्ड एकच चित्र समजून १०८० ओळी सरळ ५७६ मध्ये दाबल्या, की दोन वेगळे क्षण एकमेकांत कालवले जातात. देवळाचा स्थिर कळस छान दिसतो, म्हणून चूक लक्षातही येत नाही. हललेली प्रत्येक गोष्ट मात्र दुहेरी होते.

बरोबर रीत अशी: आधी प्रत्येक फील्डपासून पूर्ण चित्र तयार करायचं, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं. मग ती ५७६ ओळींपर्यंत लहान करायची आणि शेवटी पुन्हा आळीपाळीनं ओळी उचलून फील्ड विणायचे. ‘एफएफएमपेग’ या मोफत प्रणालीत त्यासाठी ‘यादिफ’ आणि ‘बीडब्ल्यूडिफ’ हे फिल्टर आहेत. त्यातल्या ‘यादिफ’ला सेकंदाला २५ नव्हे, ५० चित्रं द्यायला सांगावं लागतं. नाहीतर निम्मी हालचाल तिथेच गळते. शिवाय उभ्या दिशेनं चित्र किंचित मऊ ठेवावं लागतं. नाहीतर पैठणीच्या काठाच्या बारीक आडव्या रेघा पडद्यावर लुकलुकत राहतात.

खानदेशातल्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांपुढे हा प्रश्न तसा जुनाच. २००४ नंतर छोट्या डीव्ही कॅसेटवर एचडी टिपणारे ‘एचडीव्ही’ कॅमेरे आले. शूटिंग एचडीत, मिक्सिंग ‘एडियस’वर आणि वधूपित्याच्या हाती डीव्हीडी, म्हणजे पुन्हा ७२० बाय ५७६. त्यातही एक खोडा होता. एचडीव्हीत वरचा फील्ड आधी येतो, जुन्या ‘पाल’ पद्धतीच्या डीव्हीत खालचा. दोन्ही एकाच टाइमलाइनवर आले आणि सेटिंग चुकलं, की वरातीतला घोडा दोन पावलं पुढे, एक मागे असा थरथरत चालतो.

रंगांचंही भान ठेवावं लागतं. एचडीचं रंगगणित रेक. ७०९ या मानकाचं, एसडीचं रेक. ६०१चं. मधलं रूपांतर राहून गेलं तर कुंकवाचा लाल आणि केळीच्या बागेचा हिरवा, दोन्हींची छटा सरकते. यावलकडच्या माणसाला केळीच्या पानाचा रंग काय ते सांगावं लागत नाही.

एसडीचे दिवस संपले, असं शहरात सहज म्हटलं जातं. केबल डिजिटायझेशनच्या तिसऱ्या टप्प्यात जळगाव-धुळ्यासारख्या शहरांना ३१ डिसेंबर २०१५ची मुदत होती. पण डिजिटल झालं म्हणजे एचडी झालं असं नाही. महिन्याचं भाडं नसलेल्या डीडी फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या एसडीच आहेत. साक्री-शिरपूरच्या पाड्यावर छपरावर छत्री लावून बसलेल्या घराला जे दिसतं, ते या रूपांतरातून गाळून आलेलं असतं. तिथला प्रेक्षक कमी ओळी पाहतो म्हणून त्याला कमी काळजीचं चित्र द्यावं, हे पटण्यासारखं नाही. नीट उतरवलेलं एसडी डोळ्याला शांत वाटतं.

म्हणून पट्टीचा मिक्सिंगवाला फाइल पाठवण्याआधी हालचालीचा एक तुकडा निवडतो आणि एकेक फील्ड पुढे नेत तपासतो. मोगरी धरलेला हात दर टप्प्याला चाकाकडेच सरकत गेला, तर क्रम बरोबर. एकदा जरी मागे आला, तरी रेंडर पुन्हा लावायचं.