लस घ्यावी ती मृगापूर्वी

मृगाचा पाऊस पडला, की गावोगावच्या दवाखान्यांत सर्दी, खोकला व तापाचे रुग्ण वाढू लागतात. भिजल्यामुळे झाले, पाणी बाधले, अशी कारणे सांगितली जातात आणि चार दिवस ताप अंगावर काढला जातो. पुष्कळदा ते साधे पडसेच असते. परंतु त्यांपैकी काही रुग्णांना झालेला आजार इन्फ्लुएंझाचा असतो, आणि तो अंगावर काढण्याजोगा नसतो.

महाराष्ट्रातील जुन्या पिढीने या रोगाचे उग्र रूप 'मानमोडी' या नावाने ओळखले. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीतील पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट अधिक प्राणघातक ठरली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी रोगाचे कारणही ठाऊक नव्हते. मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू लंडन येथे शोधून काढण्यात आला तो १९३३ साली.

देवीची लस लहानपणी टोचली जाई. मग हीच लस दरवर्षी का, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. इन्फ्लुएंझाचा विषाणू आपल्या बाह्य आवरणातील प्रथिनांत सतत लहानमोठे बदल करीत असतो, त्यामुळे गेल्या वर्षी कमावलेली प्रतिकारशक्ती त्याला नीट ओळखू शकत नाही. शिवाय लसीने आलेली शक्ती काही महिन्यांत ओसरू लागते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीचे घटक ठरविते : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आपल्याकडील विषाणूंवर लक्ष ठेवण्याचे काम करते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा येथेच आहे. नकाशावर आपण उत्तर गोलार्धात आहोत. पण आपल्याकडे या रोगाचा जोर युरोपप्रमाणे केवळ हिवाळ्यात नसून मुख्यत्वे जुलै ते सप्टेंबर या काळात असतो. काश्मीरमध्ये तो थंडीत वाढतो, तर चेन्नईत परतीच्या पावसाबरोबर. ऑक्टोबरमध्ये लस घेणाऱ्या पुणेकराचे संरक्षण पुढील आषाढ-श्रावणापर्यंत बरेच क्षीण झालेले असते. लस टोचल्यानंतर शक्ती निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा आपल्याकडे एप्रिल-मे हाच योग्य काळ होय. दक्षिण गोलार्धासाठी ठरलेली ताजी लस साधारणतः याच सुमारास मिळते.

ऑगस्ट २००९ मध्ये नव्या एच१एन१ विषाणूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा त्यावर लसच नव्हती. पुढील वर्षी पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारावयाची लस तयार केली. २०१५ मध्ये मात्र लस उपलब्ध असूनही याच विषाणूने राज्यात नऊशेंच्या आसपास माणसे दगावली. त्या वर्षी शासनाने गर्भवती स्त्रिया तसेच मधुमेह व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांसाठी मोफत लसीकरण हाती घेतले.

गर्भवतींचा उल्लेख प्रथम केला तो सहेतुक. गरोदरपणी सुई नको, असे घरातील वडीलधारी मंडळी काळजीपोटी सांगतात. परंतु टोचावयाच्या या लसीतील विषाणू मृत असतो. त्यापासून इन्फ्लुएंझा होऊ शकत नाही. उलट गरोदरपणी हा आजार झाल्यास फुप्फुसदाह होऊन मातेच्या जिवावर बेतण्याचा संभव अधिक असतो. सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही. मातेने ती घेतली असल्यास तिच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भाकडे जातात व जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बाळाचे रक्षण करतात. (नाकात फवारावयाची लस जिवंत, दुर्बल केलेल्या विषाणूंची असते, ती गर्भवतींना दिली जात नाही.)

ही लस म्हणजे अभेद्य कवच नव्हे. विषाणूशी तिचा मेळ चांगला बसतो त्या वर्षीही ती दवाखान्याची पायरी चढावयास लावणारा आजार सुमारे ४० ते ६० टक्के प्रमाणातच टाळते. साध्या पडशावर तर तिचा उपयोगच नाही. मात्र लस घेऊनही आजार झालाच, तर त्याची तीव्रता बहुधा कमी राहते. ताप असलेल्या मुलास शाळेत न पाठविणे, खोकताना तोंडावर रुमाल वा पदर धरणे, खिडक्या उघड्या ठेवणे हे उपाय बिनखर्चाचे आहेत. धाप लागणे, ओठ निळसर होणे, ग्लानी येणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरते. प्रतिजैविकांचा या विषाणूवर काहीही परिणाम होत नाही.

सहा महिने ते आठ वर्षे वयाच्या बालकास ही लस प्रथमच द्यावयाची असेल, तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. पहिली मात्रा एप्रिलमध्ये दिली, तर दुसरी रोहिणी निघण्यापूर्वी पूर्ण होते.