कांदे घरचे, हिशोब कुणाचा?

गेल्या हिवाळ्यात पुरंदर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचा आनंद बाजार पाहायला गेलो होतो. पटांगणात पोत्यांवर मेथीच्या जुड्या, बोरं, चिंचा, उकडलेली अंडी मांडलेली. सहावीतली एक मुलगी भेळ विकत होती. दहा रुपयांना एक पुडा, असे चोवीस पुडे खपले. चुरमुरे, फरसाण, गूळ यांचे दीडशे वजा करून तिने वहीत ठसठशीत लिहिलं : नफा 90. गुरुजींनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, ‘‘कांदे कुठले गं?’’ ‘‘घरचे.’’ ‘‘मग ते फुकट का?’’ मुलगी वही घेऊन पुन्हा खाली बसली.

शोध आणि उद्योजकता शाळेत शिकवायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न सध्या जोरात आहे. मला त्याचं मूळ या छोट्याशा संवादात दिसतं. वस्तू खरोखर कुणाला तरी हवी असली पाहिजे आणि हिशोब खरा असला पाहिजे. या दोन गोष्टी असल्या की बाकीचं मूल स्वतः शोधतं.

ही वाट आपल्याकडे नवी नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. पुढे ती ‘नयी तालीम’ म्हणून ओळखली गेली. मुलांनी केलेल्या वस्तूंतून शाळेचा खर्च निघावा, असा त्यांचा आग्रह होता. योजनेचा आराखडा झाकीर हुसेन समितीने केला आणि तिने तेव्हाच बजावलं होतं, की कमाईच्या मागे लागून शिक्षण हरवू देऊ नका. आज मुलांच्या ‘स्टार्टअप’चं कौतुक करताना हा इशारा मला रोज आठवतो.

या विषयात महाराष्ट्रात ज्यांनी सगळ्यात खोल नांगरट केली, ते डॉ. श्रीनाथ कलबाग. हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून 1983 मध्ये त्यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी तिथे मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम घडला : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. वेल्डिंग, वायरिंग, मातीपरीक्षण, रक्तगट तपासणं हे सगळं मुलं हाताने करतात आणि कामाचा खर्चही मांडतात. मला मोलाचं वाटतं ते यातलं गावाशी असलेलं नातं. गावातल्या माणसासाठी केलेलं फाटक वाकडं निघालं, तर मार्क कापून भागत नाही. ते नीट लागेपर्यंत पुन्हा करावं लागतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी (संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याच्या कार्यशाळांपैकी) एक 2002 मध्ये पाबळला आली, ती या मशागतीमुळेच, असं मी मानतो.

शोधाला पैसा लागतोच असं नाही, हे टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी दाखवलं. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी कापायची आणि तिच्या तुकड्यांत काड्यापेटीतल्या काड्या खोचायच्या. चौकोन केला तर बोटाने दाबताच तिरपा होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. मग मूल चौकोनात आपणहून एक तिरपी काडी बसवतं आणि पुलाच्या, छपराच्या कैच्यांचं मर्म त्याच्या बोटांना कळतं. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अशी खेळणी कित्येक मुलांनी केली.

सरकारी पातळीवर आता साधनं आली आहेत. अटल टिंकरिंग लॅब या करून पाहायच्या प्रयोगशाळेसाठी शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं, सहावीपासूनच्या मुलांसाठी. ‘इन्स्पायर मानक’ योजनेत निवडलेल्या मुलांच्या कल्पनेला 10 हजार रुपये मिळतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला सांगितलं आहे. यातलं मला सर्वांत आवडतं ते हे शेवटचं, कारण सुताराकडे खरं गिऱ्हाईक येतं. यंत्रांचं मात्र वेगळंच होतं. एका शाळेत थ्रीडी प्रिंटर पाहिला, तो प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकलेला. मुलांना हात लावायची मुभा फक्त पाहुणे आले की. फार वाईट वाटलं. मोडेल म्हणून जे कुलपात ठेवलं, त्यातून कोण काय शिकणार? बारा वर्षांच्या मुलाला मोडायची भीती नसते, ती आपण घालतो. शिक्षकाला मोडतोडीचा जाब विचारला जाणार नाही, एवढी हमी आधी द्या आणि मग यंत्रं पाठवा.

भेळवाली मुलगी अर्ध्या तासाने परत आली. कांद्याचे 25 आणि कोथिंबिरीचे 10 तिने वजा केले होते. मग स्वतःच म्हणाली, ‘‘आईने तासभर चटणी वाटली. तिला शेतावर आठ तासांचे तीनशे मिळतात.’’ तासाचे साधारण चाळीस आणखी गेले, उरले 15. गुरुजी म्हणाले, ‘‘आता पुडा कितीला देशील?’’ तिने 12 लिहिलं, खोडलं. ‘‘दोन-दोन रुपये सुटे कोण देणार?’’ पुन्हा 10 लिहिलं. पेन्सिल ओठांशी धरून जरा वेळ बसली आणि म्हणाली, ‘‘चिंच आदल्या रात्री भिजत घातली तर आईचा अर्धा तास वाचेल.’’