रानातील छायाचित्रकाराचे वर्ष



'टिपणे' हे आपल्या भाषेतील मोठे बोलके क्रियापद आहे. पाखरे दाणे टिपतात, शिकारी सावज टिपतो आणि छायाचित्रकार दृश्य टिपतो. यांतील दुसरे टिपणे जीव घेणारे आहे आणि तिसरे जीव राखणारे, असे आपण सहज धरून चालतो. पण तिसऱ्या टिपण्यातही दुसऱ्याचा अंश कधी कधी शिरतो. तो शिरू नये यासाठी वन्यजीवांच्या छायाचित्रकाराला काय करावे लागते आणि त्याचे वर्ष कसे जाते, याविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे.

नागपूरहून पचमढीकडे जाणारा रस्ता आपल्या सौंसरवरून जातो. ऑक्टोबर उजाडला की लांबलचक भिंगांच्या पेट्या घेऊन निघालेली मंडळी या वाटेने सातपुड्याकडे जाऊ लागतात. आमच्या शाळेतील मुले विचारतात, "गुरुजी, वाघांची छायाचित्रे काढून यांचे पोट भरते तरी कसे?" प्रश्न रास्त आहे. केवळ छायाचित्रे विकून चरितार्थ चालणे आज कठीण झाले आहे, कारण कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणून या व्यवसायातील पुष्कळ जण कार्यशाळा घेतात. आठदहा हौशी माणसे बरोबर घ्यावयाची, चारपाच दिवस अरण्यात राहावयाचे आणि पाहावे कसे, थांबावे कसे, टिपावे कसे हे शिकवावयाचे. त्यामुळे छायाचित्रकाराचे वर्ष हे प्रवासी शिक्षकाचे वर्ष झाले आहे.

या वर्षाचे पंचांग निसर्ग ठरवितो. पावसाळ्यात मध्य प्रदेशातील व्याघ्रप्रकल्पांची गाभाक्षेत्रे पर्यटकांना बंद असतात. ती १ ऑक्टोबरला उघडतात. त्या वेळी पेंचचे रान हिरवेगार असते आणि गवत पुरुषभर वाढलेले असते. वाघ दहा हातांवर असला तरी दिसत नाही. शिकाऊ माणूस हिरमुसतो, परंतु जाणता शिक्षक याच दिवसांत त्याला कान देऊन ऐकावयास शिकवितो. झाडावरच्या वानराने खाकरून इशारा दिला, पाठोपाठ चितळ ओरडले आणि मग सांबराने साद घातली, म्हणजे जनावर कोणत्या दिशेने चालले आहे याचा नकाशाच कानांपुढे उभा राहतो. मढई येथे तर देनवा नदी नावेने ओलांडून सातपुडा व्याघ्रप्रकल्पात शिरता येते, आणि तेथे ठरावीक भागात वाटाड्याबरोबर पायी हिंडण्याचीही सोय आहे. पायी चालणाऱ्याचा गर्व लवकर उतरतो.

थंडी पडली की पावले पाणवठ्यांकडे वळतात. पुणे जिल्ह्यातील भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंबही राज्यातील जलाशयांवर दिसतात. येथे पहाटेच्या पहिल्या तासाचा प्रकाश साधावा लागतो. उडता पक्षी स्पष्ट यावयाचा तर कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ उघडावा लागतो.

एप्रिल-मे हे उन्हाचे महिने वाघाचे. पाने गळालेली, पाणी आटलेले, म्हणून जनावरे उरल्यासुरल्या डोहांवर येतात. पेंचमधील 'कॉलरवाली' वाघीण अशीच लोकांच्या ओळखीची झाली. २००८ साली तिच्या गळ्यात रेडिओ-पट्टा घालण्यात आला, त्यावरून हे नाव पडले. जानेवारी २०२२ मध्ये वार्धक्याने मरण येईपर्यंत तिने आठ वेतांत २९ बछड्यांना जन्म दिला.

मग पाऊस येतो, गाभाक्षेत्रांची दारे लागतात आणि छायाचित्रकार सिंधुदुर्गातील आंबोली गाठतो. तेथे रात्री विजेरी घेऊन, चिखलात गुडघे टेकून, बेडूक आणि साप पाहावयाचे. आंबोलीच्या कातळांवर राहणाऱ्या एका भेकाचे शास्त्रीय वर्णन २००९ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या अंगावरील पट्ट्यांमुळे त्याच्या शास्त्रीय नावात वाघ आला आहे. उन्हाळ्यातला वाघ जीपमधून पाहावयाचा आणि पावसाळ्यातला पोटावर आडवे होऊन!

आता कार्यशाळेत शिकवितात काय, ते पाहू. यंत्राचे ज्ञान दोन दिवसांत होते. जीपच्या कठड्यावर तांदूळ भरलेली पिशवी ठेवून तिच्यावर जड भिंग टेकावे, चालकाला इंजिन बंद करावयास सांगावे, श्वास रोखून बोट हलके दाबावे, या गोष्टी सरावाने येतात. अवघड आहे ते अंतर राखणे. जनावराने चरणे थांबवून आपल्याकडे रोखून पाहिले, कान टवकारले, पिलाला जवळ घेतले, म्हणजे आपण गरजेपेक्षा पुढे आलो आहोत, असे समजावे. अशा वेळी मागे फिरावयास लावतो तोच खरा शिक्षक. विद्यार्थ्याने पैसे भरलेले असतात, त्याला वाघ हवा असतो, आणि शिक्षकाला पुढच्या वर्षीही विद्यार्थी हवे असतात. या व्यवसायाची कसोटी येथेच लागते.

ती कसोटी किती कठीण आहे हे आपल्या शेजारीच दिसून आले. नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या जीपगाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडविली. हे जगाला कळले तेही चित्रफितींमुळेच. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांतील माणसे दुष्ट होती असे नव्हे. प्रत्येकाला फक्त एक छायाचित्र हवे होते. पण सर्वांच्या एकेका छायाचित्राची बेरीज म्हणजे त्या आईभोवती पडलेला वेढा होता.

आपल्या कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील 'शिकार' या शब्दाची व्याख्या बंदुकीपाशी थांबत नाही. वन्य प्राण्याला हाकून काढणे, आमिष दाखविणे, इतकेच काय, रानपक्ष्याच्या घरट्याला उपद्रव देणे हेही तीत येते. चांगल्या चित्रासाठी घरट्यापुढची फांदी बाजूला सारणारा मनुष्य आपण शिकार करीत आहोत, असे स्वप्नातही समजत नाही. परंतु आडोसा गेला की ऊन आणि कावळा दोन्ही पिलांपर्यंत पोहोचतात.

मग छायाचित्रे काढूच नयेत काय? तसे मुळीच नाही. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० नंतरच्या दशकात जंगलवाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागला की झगझगीत उजेड पडे आणि वाघ स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढी. साहेबलोक बंदुकीने वाघ टिपत होते, त्या काळातील ही गोष्ट आहे. त्याच युक्तीची सुधारलेली आवृत्ती आज व्याघ्रगणनेत वापरतात. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावले होते. त्यांनी सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे टिपली आणि त्यांतील ७६,६५१ वाघांची होती. एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात, म्हणून छायाचित्रांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो.

दुसरे उदाहरण रानपिंगळ्याचे. सातपुड्यातील हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर कुणाला खात्रीने आढळला नव्हता. तो नामशेष झाला असेच पुष्कळांना वाटे. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात अमेरिकी पक्षितज्ज्ञांना तो दिसला आणि त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली. पूर्वी असा पक्षी सापडल्याचा पुरावा म्हणजे त्याला मारून पेंढा भरणे. येथे ११३ वर्षांनी पुरावा मिळाला आणि पक्षीही जिवंत राहिला. छायाचित्राचा खरा मान हाच आहे. ते साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराने प्रसंगात ढवळाढवळ केली की त्याची साक्ष खोटी ठरते.

आपणांपैकी एखाद्या तरुणाच्या मनात ही विद्या शिकावी असे आले असेल, तर त्याने पहिल्याच दिवशी पेंचला धावू नये. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात संत्र्याच्या बागा आहेत. कोवळ्या पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखी दिसणारी एक अळी बागाईतदारांच्या चांगल्या परिचयाची आहे. ती पुढे हिरवी होते आणि धोका वाटला की डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग काढून उग्र वास सोडते. तिचेच पुढे काळे-पिवळे लिंबू-फुलपाखरू होते. पाने खाते म्हणून बागाईतदार तिला वैरीण मानतो, आणि त्यात त्याची चूक नाही. पण अंड्यापासून पंखांपर्यंतचा तिचा प्रवास पान न तोडता, फांदी न वाकविता, रोज सकाळी अर्धा तास बसून ज्याने टिपला, त्याचे अर्धे शिक्षण घराजवळ, बिनखर्चात झाले असे समजावे. प्रकाश कळला, धीर कळला आणि समोरच्या जीवाला आपली अडचण न होऊ देणेही कळले.

असा विद्यार्थी पुढे अरण्यात गेला आणि त्याला वाघ दिसला नाही, तरी तो रिकाम्या हाताने परत येणार नाही. आणि वाघ दिसलाच, तर त्याची वाट मोकळी ठेवण्याची बुद्धी त्याला कुणी शिकवावी लागणार नाही.