जस्त मोजायचे, पण जस्ती बादलीतून नव्हे



गेल्या हंगामात आमच्या शेतकी खात्याकडे एका सभासदांचा माती परीक्षणाचा अहवाल आला. निफाड तालुक्यातली, कालव्याखालची काळी जमीन. शेजारच्या रानांत जस्त अर्ध्याच्या आसपास आणि यांच्या रानात चक्क सहा! शेरा अर्थातच 'जस्त भरपूर'. सभासदांनी त्यावर भरवसा ठेवून झिंक सल्फेटचे पैसे वाचवले. चार महिन्यांनी उसाच्या पानांवर फिक्कट पट्टे उमटले, कांड्या आखूड पडल्या, तेव्हा ते गट ऑफिसात येऊन म्हणाले, "साहेब, तुमचं मशीन खोटं बोलतंय."

मशीनने जे मिळाले तेच मोजले होते. नमुना कालवला होता पोपडे आलेल्या जुन्या जस्ती बादलीत, आणि ओली माती रात्रभर तिच्यातच राहिली होती. प्लॅस्टिकच्या घमेल्यातून पुन्हा नमुना घेतला, आकडा आला ०.४. यात चूक आमचीही आहे. आम्ही पिशवी दिली, पण माती कशात गोळा करायची हे सांगितलेच नव्हते.

एवढ्याशा बादलीने एवढा फरक कसा, असे अनेकांनी विचारले. हिशेब पाहा. एक एकर रानाच्या वरच्या सहा इंच मातीचे वजन साधारण नऊ लाख किलो भरते. तीत पिकाला घेता येईल असे जस्त दर दहा लाख भागांत ०.६ भागापेक्षा कमी असेल, तर जमीन जस्ताला कमी धरतात. म्हणजे अख्ख्या एकरात जेमतेम अर्धा किलो! आणि आपण नमुन्यासाठी गोळा करतो पाचेक किलो माती. तीत तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाइतके जस्त बादलीचे उतरले, तरी आकडा पाचाने वाढतो. नत्र-स्फुरद-पालाशच्या परीक्षणाला असली बादली चालून जाते, सूक्ष्म अन्नद्रव्यांना नाही.

प्रयोगशाळेत ही मोजणी होते तरी कशी? १० ग्रॅम माती डीटीपीए नावाच्या द्रावणात दोन तास हलवतात. अमेरिकेतील लिंडसे आणि नॉर्व्हेल यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत चुनखडीयुक्त जमिनींसाठीच बसवलेली आहे. मुळांना जेवढे सोडवून घेता येईल, साधारण तेवढेच धातू हे द्रावण सोडवून घेते. मग गाळलेले पाणी ॲसिटिलीनच्या ज्योतीत फवारतात आणि ज्योतीतून जस्ताच्या खास दिव्याचा प्रकाश सोडतात. जस्ताचे अणू तेवढाच प्रकाश गिळतात. किती गिळला, त्यावरून जस्त किती ते कळते. लोहाला लोहाचा दिवा, तांब्याला तांब्याचा. ही युक्ती ऑस्ट्रेलियाच्या ॲलन वॉल्श यांनी १९५५ साली जगापुढे मांडली. कारखान्यांच्या सांडपाण्यातले शिसे, क्रोमियम, निकेल शोधायलाही हेच यंत्र लावतात.

आता केवड्याचे. खोडवा फुटून आला की चुनखडीच्या रानात पाने पिवळी, पुढे पांढरीफटक पडतात, हे आपल्याला नवे नाही. गंमत अशी, की आपल्या काळ्या जमिनीत लोहाला तोटा नाही. शंभर किलो मातीत काही किलो लोह सहज निघेल. पण चुनखडीने ते असे बांधून ठेवले आहे, की डीटीपीएच्या मोजणीत ते दहा लाखांत ४.५ भागांच्याही खाली येते. घरात धान्याची कणगी भरलेली आणि किल्ली हरवलेली! म्हणून अशा रानात हिराकस नुसता फेकून भागत नाही, तोही बांधला जातो. तो शेणखतात मुरवूनच द्यावा, आणि उभ्या पिकावर अर्धा टक्का द्रावणाची फवारणी करावी.

द्राक्षबाग मोडून ऊस लावणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. वर्षानुवर्षे मारलेल्या बोर्डो मिश्रणातले मोरचूद कुठे गेले? बरेचसे मातीतच आहे. तांब्याची गरज दहा लाखांत ०.२ भागाची, त्यामुळे अशा रानात तांबे असलेले तयार मिश्रण विकत घेणे म्हणजे विहिरीत घागरीने पाणी ओतणे. दुकानदार काहीही म्हणो, आधी अहवाल पाहावा.

नमुना लागणीपूर्वी, खते टाकण्याआधी घ्यावा. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा आणि पाटाची कड सोडून एकरात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा करावा. गंजलेले खुरपे नको. खड्डा कुदळीने घेतला तरी हरकत नाही, पण कुदळ लागलेली माती बांबूच्या कामट्याने खरवडून टाकावी आणि मग कडेची माती घ्यावी. सगळी माती प्लॅस्टिकच्या घमेल्यात मिसळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकावेत, असे अर्धा किलो उरेपर्यंत करावे. सावलीत वाळवावी. खताच्या रिकाम्या गोणीवर तर मुळीच पसरू नये, आमच्याकडे असेही नमुने येतात!

अहवालात कमतरता दिसली तरच एकरी झिंक सल्फेट ८ किलो, हिराकस १० किलो, मँगेनीज सल्फेट ४ किलो आणि बोरॅक्स २ किलो यांपैकी जे कमी असेल तेवढेच, दहापट शेणखतात मुरवून सरीत द्यावे. झिंक सल्फेट स्फुरदाच्या खतात मिसळू नये.

मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तसेच शासनाच्या मृद चाचणी प्रयोगशाळांकडे नमुने देता येतात. चिठ्ठीवर 'सूक्ष्म अन्नद्रव्यांसह' असे स्पष्ट लिहावे, नाहीतर नेहमीचीच तपासणी होऊन येते. कापडी पिशव्या आणि प्लॅस्टिकची घमेली प्रत्येक गट ऑफिसात ठेवली आहेत. घमेले नेताना वहीत सही करावी आणि दोन दिवसांत परत आणून द्यावे, पुढचा सभासद वाट पाहत असतो.