विकासक खाते : विनाशुल्क आणि सशुल्क

छत्तीसगढच्या राजधानीलगत वसवलेल्या नवा रायपूर या नगरात २०१५ मध्ये राज्य शासन व एनटीपीसी यांच्या सहकार्याने माहिती तंत्रज्ञानाची संस्था स्थापन झाली. अशा संस्थेत विद्यार्थ्याला प्रयोगशाळा व मार्गदर्शक लाभतात. परंतु त्याच परिसरात वडिलांचे किराणा दुकान सांभाळून, उधारीची वही ठेवणारे ॲप घरीच तयार करू पाहणाऱ्या मुलीला पहिला प्रश्न पडतो तो पैशांचा. साधने विकत घ्यावी लागतील काय?

ॲप बनवण्याची साधने पुरवणाऱ्या कंपनीकडे आपले नाव नोंदवणे म्हणजे विकासक खाते उघडणे होय. हे खाते विनाशुल्क असते किंवा सशुल्क. या दोहोंतील भेद मात्र पुष्कळांना नीट ठाऊक नसतो, आणि त्यामुळे कित्येक जण शिकण्यापूर्वीच माघार घेतात.

एके काळी कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, बहुधा विकतच घ्यावा लागे. १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा कंपायलर सर्वांसाठी खुला केला आणि ही प्रथा ढिली होऊ लागली. आज गूगलचे अँड्रॉइड स्टुडिओ खाते न उघडताही उतरवून घेता येते. ॲपलचे एक्सकोडही विनामूल्य आहे. (२०११ मध्ये काही महिने सदस्य नसलेल्यांकडून त्यासाठी सुमारे पाच डॉलर घेतले जात.)

मग शुल्क कशाचे? ते मुख्यतः प्रकाशनाचे. लेखणी घरची असली, तरी पुस्तक बाजारात आणायला खर्च येतो, तसेच हे आहे. ॲपलच्या विनाशुल्क खात्यावर आपले ॲप स्वतःच्या आयफोनवर चालवून पाहता येते. ही सोय २०१५ पासूनची. मात्र सात दिवसांनी ते बंद पडते व पुन्हा चढवावे लागते. ॲप स्टोअरवर ठेवायचे असल्यास वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. गूगल प्लेसाठी २५ डॉलर, तेही एकदाच. तथापि तेथे नव्या वैयक्तिक खातेधारकाला आधी किमान बारा जणांकडून सलग चौदा दिवस ॲपची चाचणी करवून घ्यावी लागते. दुकानाच्या गिऱ्हाइकांतून इतकी माणसे सहज मिळतील!

खरा खर्च पुष्कळदा खात्यात नसून यंत्रात असतो. एक्सकोड केवळ ॲपलच्या मॅक संगणकावर चालते. अँड्रॉइड स्टुडिओ विंडोज व लिनक्सवरही चालते. म्हणून घरी साधा संगणक असलेल्याने अँड्रॉइडपासून आरंभ करणे आणि ॲप पूर्ण होईपर्यंत एक रुपयाही न भरणे शहाणपणाचे ठरते.

ॲपलची वार्षिक वर्गणी भरायची राहिली, तर ॲप स्टोअरमधून नाहीसे होते. ज्यांच्या फोनवर ते आधीच आहे, त्यांच्याकडे मात्र ते चालत राहते.