जलाशयाकाठचे शिबिर

पावसाळा सरला की पवना जलाशयासारख्या ठिकाणी शिबिरांचे तंबू उभे राहू लागतात. या सुमारास धरणे भरलेली असतात. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली जुन्या शेतांचे बांध व खाचखळगे असतात. गुडघाभर पाणी दोन पावलांत डोक्यावर जाते. समुद्रकाठही तितकाच फसवा. २०१६ साली मुरूड येथे सहलीस आलेले अनेक विद्यार्थी बुडून मृत्यू पावले.

म्हणून शिक्षकाने प्रथम काठ स्वतः पाहून दोरीने हद्द आखावी. मुलांच्या जोड्या लावाव्यात. शिट्टी होताच प्रत्येकाने जोडीदाराचा हात धरावा व शिक्षकाने शिरगणती करावी. अंधार पडल्यावर कोणीही काठाकडे जाऊ नये. कोणी बुडू लागल्यास मुलांनी उडी न घेता हाक मारावी आणि दोर किंवा झाकण लावलेला रिकामा डबा फेकावा. वाचवावयास गेलेलाही पुष्कळदा बुडतो.

निघताना चूल पाणी ओतून विझवावी. कचरा परत न्यावा, भांडी जलाशयात घासू नयेत. पवनेचेच पाणी पिंपरी-चिंचवडला पिण्यासाठी जाते.

हे सर्व नियम आदल्या दिवशी वर्गातच समजावून द्यावेत. पाणी दृष्टीस पडल्यावर मुलांचे लक्ष राहत नाही.