बोकडाची टोपी आणि मेंढीचं नाक

जपानमधल्या शास्त्रज्ञांनी बोकडांच्या डोक्यावर खास टोप्या चढवल्या. हेतू एकच: बोकडाच्या डोक्यावरून उडून जाणारा वास पकडायचा. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात टोपीतून निघालेल्या रसायनांपैकी एक कामाचं निघालं, 4-एथिलऑक्टॅनल. त्याचा वास शेळीच्या नाकात गेला की तिच्या मेंदूतलं प्रजननाचं चक्र हलवणारं केंद्र जागं होतं. खच्ची केलेल्या बोकडांच्या टोप्यांत हे रसायन सापडलं नाही. गंमत म्हणजे त्याचा वास आपल्याला लिंबूवर्गीय फळांसारखा येतो. हवेत त्याचं आम्ल झालं, की मग नाक दाबायला लावणारा तो ओळखीचा बोकड्या दर्प सुटतो!

शेळीपालकांना रसायनाचं नाव ठाऊक नसलं तरी अनुभव जुना आहे. काही आठवडे वेगळा ठेवलेला बोकड कळपात सोडला की माजावर न आलेल्या शेळ्याही माज दाखवू लागतात. हंगामानुसार माजावर येणाऱ्या जातींत हा परिणाम जास्त ठळक दिसतो.

नाकाची खरी हुकमत मात्र व्याल्यानंतर कळते. एरवी मेंढीला गर्भजलाचा वास नकोसा असतो. व्याली की त्याच वासानं ती ओल्या कोकराकडे ओढली जाते आणि त्याला चाटू लागते. कोकरू बाहेर येताना जननमार्गावर पडणाऱ्या ताणामुळे तिच्या मेंदूत ऑक्सिटोसिन स्रवतं, पान्हा फोडणारं तेच हे संप्रेरक. त्यामुळे वास ओळखणारा मेंदूचा भाग नवा वास टिपायला सज्ज होतो. साधारण 2 तासांत या कोकराचा वास पक्का बसतो. त्यानंतर दुसरं कोकरू आचळाशी आलं, की मेंढी त्याला ढुशी मारून हाकलते. डोळ्यांनी ओळख पटते ती लांबून. दूध पाजायचं की नाही, हा निकाल नाकाचा.

म्हणूनच मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराच्या अंगावर चढवून मेंढीला फसवायची युक्ती अनेक देशांतले मेंढपाळ वापरत आले. ती क्रूर वाटेल, पण पोरकं कोकरू जगतं, हे विसरू नये.

तेव्हा शेळी-मेंढी व्याली की स्वच्छतेच्या उत्साहात पिल्लाला आंघोळ घालू नका. नाकातोंडातला चिकटा काढा, नाळेला औषध लावा आणि बाकीचं आईला चाटू द्या. पोरकं पिल्लू लावायचं असेल तर नुकत्याच व्यालेल्या मादीचं गर्भजल त्याच्या अंगाला चोळून लगेच तिच्यापुढे ठेवा. उशीर केलात तर ती ऐकणार नाही.